चौकोनातील तारीख

इंदूरच्या घराघरांतून रोज सकाळी ओला कचरा निराळा निघतो. देवगुराडिया येथील कारखान्यात त्यापासून वायू तयार होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत हा कारखाना सुरू झाला, तेव्हा दिवसाला ५५० टन कचरा पचविण्याची त्याची शक्ती होती. शहरास ही गोष्ट भूषणावहच होय. परंतु न उघडलेल्या डब्यातले दही त्या कचऱ्यात गेले, तर वायू कितीही निघो, दूध वाया गेले ते गेलेच. ते वाचवावयाचे तर दुकानाच्या फळीपाशीच वाचवावयास हवे.

वेष्टणावरील काळ्या रेघांचा पट्टा, म्हणजे बारकोड, २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका दुकानात प्रथम वाचला गेला. माल होता च्युइंग गमचा. त्या रेघांत मालाची ओळख सांगणारा आकडा असतो. भारतात नोंदलेल्या मालाचा तो बहुधा ८९० ने सुरू होतो. परंतु उद्या मुदत संपणारा डबा आणि दहा दिवस टिकणारा डबा यांतील भेद त्या रेघांना मुळीच कळत नाही. तो नोकराने एकेक डबा उचलून, बारीक अक्षरांतली तारीख वाचून ओळखावयाचा. संध्याकाळच्या गर्दीत हे कोण करणार? शिवाय गिऱ्हाईकही हुशार. ते मागे हात घालून ताजा डबाच ओढते, आणि पुढचा बिचारा शिळा होत राहतो.

नव्या चौकोनी बारकोडात ठिपक्यांच्या रूपाने ओळखीचा आकडा, उत्पादनाची तुकडी आणि मुदतीची तारीख ही तिन्ही मावतात. त्यामुळे कोणत्या मालाची मुदत भरत आली, हे संगणकास आधीच ठाऊक असते. तेवढ्याच डब्यांची किंमत गल्ल्यावर आपोआप उतरते. मुदत उलटलेला डबा चुकून आलाच, तर बिलच होत नाही. एखाद्या तुकडीत दोष निघाला, तर तेवढीच परत मागविता येते, चांगला माल फेकावा लागत नाही. ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्स दुकानांनी २०१९ पासून हा प्रयोग केला. तेथे अन्नाची नासाडी ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे बारकोडचे नियम ठरविणारी जीएस१ ही संस्था सांगते. २०२७ अखेर जगभरच्या गल्ल्यांवर दोन्ही खुणा वाचता याव्यात, असा तिचा संकल्प आहे.

अर्थात हे फुकट होत नाही. रेघा एकदा छापून भागते. तारखेचा चौकोन मात्र प्रत्येक तुकडीस नवा छापावा लागतो. रेघा वाचणारे जुने लेझर यंत्र तो ओळखत नाही, त्यास कॅमेऱ्याचे यंत्र हवे. आणि नासाडीचा मोठा वाटा दुकानांचा नव्हेच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यांतील ६३ कोटी टन घरांतले, दुकानांतले १३ कोटी.

पैसे घेण्याचा चौकोन तर इंदुरात पोह्यांच्या गाड्यांवरही दिसतो. पण तो वाचतो गिऱ्हाइकाचा फोन. सियागंजातून पोत्याने आणलेली तूरडाळ सुटी विकणाऱ्या वाण्याकडे ना वेष्टण, ना खूण. डाळीस कीड लागत आली की नाही, हे तो अजून मूठभर दाणे तळहातावर घेऊनच पाहतो.