अंगुलिमालाला गोळी दिली होती का?

धान घरात आले, मळणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत नाटकाचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात. गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ही रंगभूमी देशाला कळली. आपल्याला ती आजोबा-पणजोबांपासून माहीत आहे.

मार्कंड्याच्या परिसरातील एका वस्तीत यंदा तरुण मुला-मुलींनी स्वतःच नाटक बसवायला घेतले. जेवणे झाली की विहाराच्या अंगणात तालीम. आम्ही त्या दिवशी वस्तीत रक्तदाब तपासायला गेलो होतो. काम संपले आणि तालीम पाहत बसलो.

नाटकाचा नायक दारुडा. बायकोला मारतो, शेत गहाण टाकतो. रात्री त्याला मेलेल्या बापाचा आवाज ऐकू येतो. तिसऱ्या अंकात गावचे गुरुजी त्याला लांबलचक भाषण देतात. तो ढसढसा रडतो, बाटली फोडतो आणि त्या क्षणापासून सुधारतो.

नर्सिंग शिकणारी एक मुलगी नायकाच्या बायकोचे काम करत होती. ती मध्येच थांबली. म्हणाली, "असा माणूस भाषणानं बरा होतो का? याला दवाखान्यात न्यायला पाहिजे." दुसरा मुलगा हसून म्हणाला, "गोळ्या खाणारा नायक कोण पाहील? गोळी खाऊन तो झोपून राहील अन् नाटक तिथंच संपेल." सगळे हसले. वाद सुरू झाला. हा माणूस वाईट की आजारी? याला समजावायचे की औषध द्यायचे?

ओट्यावर बसलेल्या एका आजीने वादात उडी घेतली. "बुद्धानं अंगुलिमालाले गोळी देल्ली होती का रे बाबू? बोलूनच त सुधरला ना तो?"

प्रश्न नेमका होता. कोणाला उत्तर सुचेना. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

वाईट की आजारी?

धड चांगला नाही, धड खलनायकही नाही, असा नायक आपल्या लोकांना नवा नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर असाच. गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला, जानेवारी 1919 मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात हे नाटक रंगभूमीवर आले. हुशार वकील दारूपायी घर उद्ध्वस्त करतो. आपण त्याच्यावर चिडतो आणि त्याच्यासाठी रडतोही. अंगुलिमालाची कथाही तशीच आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती मुद्दाम घेतली. माणूस बदलू शकतो, हे तिच्यातून कळते.

नाटकात आपण अशा माणसाची बाजू समजून घेतो. घरात मात्र उलटे करतो. घरातला मुलगा चार दिवस झोपला नाही, एकटाच बोलू लागला, तर आपण म्हणतो, "नाटकं करतो." सून उठत नाही, जेवत नाही, तर "आळशी आहे." म्हणजे आजाराला आपण स्वभाव समजतो. आणि स्वभाव समजला की उपचार सुचत नाही, शिक्षा सुचते.

आजीला आम्ही एवढेच म्हणालो, "आजी, अंगुलिमाल चुकीच्या वाटेला लागला होता. तिथे शब्द पुरले. पण बुद्ध स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनी जीवकाचे औषध घेतलेच ना?" जीवक हा राजगृहाचा वैद्य, बिंबिसार राजावर उपचार करणारा. त्याने बुद्धांना रेचक दिल्याची हकीकत विनयपिटकात आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आणि आनंदाने त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, हेही तिथेच आहे. शब्द, सेवा आणि औषध ही तिन्ही एकाच धम्मात बसतात. कोणत्या दुखण्याला काय लागते, ते तपासायचे.

"मले करावा लागत नाही"

तालीम संपली. नायकाचे काम करणारा मुलगा आमच्यासोबत रस्त्यापर्यंत आला. पुढचे त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने लिहीत आहोत.

तो म्हणाला, "सगळे म्हणतात, आवाजाचा प्रवेश तू झक्कास करतो. मले करावा लागत नाही, भाऊ."

दोन वर्षांपासून त्याच्या गोळ्या चालू होत्या आणि तो बरा होता. कामाला जात होता. तालीम सुरू झाली तशा त्याने गोळ्या बंद केल्या. गोळीने सुस्ती येते, पाठांतर राहणार नाही, ही एक भीती. मित्रांनी पाकीट पाहिले तर 'येडा' म्हणतील, ही दुसरी. गेल्या आठवड्यापासून झोप उडाली होती आणि नाव घेऊन हाक मारणारा आवाज परत आला होता. घरी कोणाला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो, त्याची आई आणि आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी रागावणे टाळले, औषध पुन्हा सुरू केले आणि सुस्तीची तक्रार ऐकून गोळीची वेळ रात्रीची करून दिली. दोन वर्षे सकाळी गोळी घेऊन तो दिवसभर पेंगत होता. ही तक्रार कोणाला सांगता येते, हेच त्याला माहीत नव्हते.

कुठे बोलणे, कुठे गोळी

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत. ते ठरावीक पद्धतीने, ठरावीक भेटींत बोलून उपचार करतात. दोघेही उपचारच करतात, पण काम वेगळे आहे.

• दुःख, परीक्षेची धास्ती, घरातील ताण, सौम्य उदासी यांत बहुतेकदा आधी बोलण्याचा उपचार करतात.

• उदासी इतकी वाढली की जेवण, झोप, कामधंदा सुटला, जगणे नको वाटू लागले, तर गोळी आणि बोलणे दोन्ही लागतात.

• नसलेले आवाज ऐकू येणे, सगळे आपल्यावर टपले आहेत असा पक्का संशय, किंवा दिवसचे दिवस न झोपता अतिउत्साह, उधळपट्टी, मोठमोठ्या गोष्टी, यांत औषध हाच पाया आहे. बोलणे त्याच्या जोडीला. नुसते समजावून हे आवाज थांबत नाहीत.

बोलण्याचा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. "मन घट्ट कर" हे आपण सगळेच सांगतो, त्याने आजारी माणूस आणखी गप्प होतो. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी तीव्र उदासीच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटी घेतल्या. बंद पडलेली छोटी-छोटी कामे पुन्हा कशी सुरू करायची, यावर त्या भेटींचा भर होता. त्याचा चांगला उपयोग झाला, हे 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. आपल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प 30 गावांत चालला. आधी उदासीच्या 100 रुग्णांपैकी जेमतेम 4 जण उपचारापर्यंत पोहोचत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे सुरू केल्यावर, दीड वर्षाने हा आकडा 27 झाला. म्हणजे शेजारचा शिकलेला माणूसही दार उघडू शकतो.

बाटली फोडण्याचा प्रवेश

त्या नाटकातली सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे तिसऱ्या अंकातली बाटली. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तरी कोणत्या वस्तीत काय मिळते हे आपण जाणतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर माणूस बरळू लागतो, नसलेली माणसे, किडे दिसू लागतात. घरचे म्हणतात, "बाहेरचं लागलं." मांत्रिक बोलावला जातो. खरे तर हा जीवघेणा आजार आहे आणि त्याला दवाखान्यात भरती करावे लागते. दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीत सोडायची. भाषण द्यायचे असेल तर त्यानंतर द्या.

गोळीबद्दल चार गोष्टी

उदासीची गोळी दोन ते चार आठवड्यांनी लागू पडायला लागते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावी लागते.

उदासीच्या गोळीचे व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते. ती हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. त्या थोड्या दिवसांपुरत्याच असतात. दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका, शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

सुस्ती, तोंड कोरडे पडणे, वजन वाढणे, अंग ताठरणे असे त्रास होऊ शकतात. त्यावर उपाय असतो. गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. बाई गरोदर असेल किंवा मूल हवे असेल तर तेही आधी सांगा.

गोळीवर दारू घेऊ नका.

कायदा आपल्या बाजूने आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्यात हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तो मोफत आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. जिवावर उठलेला माणूस गुन्हेगार नाही, तो तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा धरून चालतो. म्हणून केस होईल या भीतीने अशा माणसाला घरात लपवून ठेवू नका, त्याला दवाखान्यात न्या.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करा. आशाताईला विचारा. तिथून गडचिरोली किंवा चंद्रपूरला पाठवतील, गरज पडली तर नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. जाणे जमत नसेल तर 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक लावा. हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, आणि मराठीत बोलता येते. मरणाचे बोलणाऱ्या माणसाला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलूपबंद करा आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

नाटक तोंड उघडते

व्हिएन्नात काम केलेल्या मोरेनो नावाच्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी नाटकाचाच उपचारासाठी वापर सुरू केला होता. रुग्ण आपलाच प्रसंग मंचावर करून दाखवत. 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. काही समुपदेशक तरुणांना बोलते करायला असे खेळ वापरतात. स्वतःबद्दल जे सांगवत नाही, ते पात्राबद्दल सांगता येते. आपल्या वस्तीतल्या तालमीतही तेच झाले. नाटकाने त्या मुलाला बरे केले नाही. औषध आणि डॉक्टरांच्या भेटी ते काम करत आहेत. पण त्या पात्रावर वाद झाला नसता तर तो आमच्याशी बोलला नसता.

यंदा त्याने नायक केला नाही. जागरण टाळायला डॉक्टरांनी सांगितले म्हणून प्रयोग संध्याकाळी लवकर ठेवला आणि त्याने पडद्यामागे बसून संवाद सांगण्याचे काम घेतले. झाडीपट्टीत त्या माणसावर सगळे नाटक चालते, हे आपण जाणतोच. तिसरा अंक मुलांनी बदलला. बाटली फोडायच्या ऐवजी बायको आणि भाऊ नायकाला सरकारी दवाखान्यात नेतात. चौथ्या अंकात तो घरी परततो, बायको हातावर गोळी ठेवते, पाण्याचा तांब्या देते, आणि गुरुजी त्याच्याजवळ बसून पहिल्यांदा त्याचे ऐकतात.

मुलांना भीती होती की लोक उठून जातील. कोणी उठले नाही. प्रयोगानंतर दोन बाया मंचामागे आल्या आणि हळू आवाजात विचारले, "तो दवाखान्याचा नंबर कोणता म्हनला बापा?"

तो नंबर 14416. आपल्या विहाराच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.

जय भीम.