ॲस्ट्रोसॅटची दहा वर्षं

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानलेखक जयंत नारळीकर गेले, तेव्हा धाराशिवातही लोक हळहळले. चार महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, भारताच्या ॲस्ट्रोसॅट या खगोलीय उपग्रहाला अवकाशात जाऊन दहा वर्षं झाली. त्याची आठवण इथे कुणी काढलेली माझ्या कानावर आली नाही. ते मनाला फार लागलं. ताऱ्यांचे क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून ॲस्ट्रोसॅटच्या आधीची काही दशकं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून उपकरणं तीस-चाळीस किलोमीटर उंच नेली. पॅराशूटने ती जिथे उतरू शकतात, त्या जिल्ह्यांच्या यादीत आपल्या धाराशिवचं नाव असतं. फुग्यांची ती दशकं इथेच सोडतो.

मला थांबायचंय ते २०१९पाशी. २७ ऑगस्टला धनू राशीतला व्ही३८९० सॅजिटारी हा तारा भडकला. त्याआधी तो १९६२ आणि १९९०मध्ये भडकला होता. खरं तर ही जोडी आहे: एक फुगलेला तांबडा तारा आणि एक श्वेतबटू, आकाराने पृथ्वीएवढा पण वजनाने सूर्याच्या तोडीचा. बटू जोडीदाराचा वायू ओढून अंगावर साठवतो. थर पुरेसा दाबला गेला की हायड्रोजन एकदम पेटतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ॲस्ट्रोसॅटवरची, मुंबईत टीआयएफआरने घडवलेली एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण त्याच्यावर रोखलेली होती. स्फोटानंतर साडेआठ दिवसांनी, उधळलेला वायू विरळ होताच, बटूच्या धगधगत्या पृष्ठभागाचे सौम्य क्ष-किरण तिला दिसले. इतक्या लवकर दिसले, म्हणजे उधळलेला थर पातळ. आणि एवढ्याशा थरानेही पेट घेतला, म्हणजे बटू भलताच जड, चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे श्वेतबटूला पेलवणाऱ्या कमाल वजनाच्या, आसपासचा.

त्याच आठवड्यात अख्खा देश चंद्रावर उतरणाऱ्या चांद्रयान-२च्या विक्रम लँडरसाठी जागत होता. ७ सप्टेंबरच्या पहाटे तो हरपला, त्याचं दुःख मलाही झालं. पण त्याच दिवसांत आपलाच एक उपग्रह असं काम करतोय, हे कुठल्याही वाहिनीवर मी ऐकलं नाही. हा अन्याय होता, आजही मी त्याला अन्यायच म्हणतो. नारळीकरांनी मराठीत घडवलेल्या वाचकाला ही गोष्ट नक्की कळली असती.

उपग्रह तोवर थकू लागला होता. २०१८मध्येच त्याच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी बंद पडली, एलएएक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाच्या तीन शोधकांपैकी एक थांबवावा लागला. पाच वर्षांसाठी बांधलेला उपग्रह दहा वर्षं राबला. १ जानेवारी २०२४ला एक्स्पोसॅट हा भारताचा नवा क्ष-किरण उपग्रह गेला, पण त्यावर अतिनील दुर्बीण नाही. आता जगभरचे खगोलशास्त्रज्ञ टी कोरोनी बोरिआलिस या व्ही३८९०सारख्याच जोडीच्या स्फोटाची वाट पाहताहेत. १८६६ आणि १९४६मध्ये भडकलेला हा तारा पुन्हा भडकला, तर नळदुर्गच्या तटावरून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. त्याचे क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश एकाच वेळी टिपायला आपल्याकडे आजही तोच म्हातारा ॲस्ट्रोसॅट आहे. त्याच्या जागी नवा हवा, आणि तो मागायला आपण आवाज करायला हवा.