शीर्षकाचा पट्टा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा तक्ता

संशोधन पोस्टरचं शीर्षक किती मोठं असावं, या प्रश्नाचं उत्तर १८६२ सालीच मिळालं होतं. परिषदांमध्ये पोस्टर लावायची पद्धत त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली. हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने त्या वर्षी आपला अक्षरतक्ता प्रसिद्ध केला. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखू यायचं तर त्याच्या उंचीने डोळ्याशी एका अंशाचा बारावा भाग एवढा कोन तरी करायला हवा, हे त्यामागचं गणित. शीर्षक ५ मीटरवरून वाचता यावं असं धरलं, तर हा हिशेब सव्वासात मिलिमीटर येतो.

पण ही झाली डोळे ताणून कसंबसं ओळखण्याची हद्द. सहज वाचायला याच्या निदान दुप्पट अक्षर लागतं. आता ८५ पॉइंटचा रोमन टाइप घ्या. ७२ पॉइंट म्हणजे १ इंच, त्यामुळे ८५ पॉइंट म्हणजे ३ सेंटीमीटर. त्यातलं छोटं ‘एक्स’ साधारण १५ मिलिमीटर उंच भरतं, म्हणजे बरोबर दुप्पट! पोस्टरच्या शीर्षकासाठी बहुतेकदा याच्या आसपासचाच आकार सुचवला जातो, तो उगाच नव्हे.

पण खरी गंमत वेळेची आहे. आपल्याला स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मधला जेमतेम २ अंशांचा तुकडा. बाकी सगळं धूसर असतं आणि मेंदू ते सांभाळून घेतो. ५ मीटरवर हा तुकडा १७ सेंटीमीटरचा. ए-झीरो कागद उभा लावला तर रुंदी ८४ सेंटीमीटर, समास सोडून ७८. म्हणजे एका ओळीला नजरेच्या चार-पाच उड्या, आणि प्रत्येक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा. दोन ओळींचं शीर्षक सव्वादोन-अडीच सेकंद खातं. रमतगमत चालणारा माणूसही तेवढ्यात दोन पोस्टर मागे टाकतो. तिसरी ओळ वाचायला तो थांबेल, ही आशाच सोडा.

या ७८ सेंटीमीटरमध्ये ८५ पॉइंटची साधारण पन्नास रोमन अक्षरं मावतात. आणि आपल्याकडे काय होतं? डाव्या कोपऱ्यात कॉलेजचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात विद्यापीठाचं. प्रत्येकी १५ सेंटीमीटर गेले की ओळीत बत्तीस अक्षरं उरतात. मग शीर्षकच बारीक केलं जातं. बोधचिन्हं खुशाल तळाला न्यावीत. वरचा पट्टा गर्दीच्या डोक्यांवरून दिसतो, म्हणून तीच सगळ्यात महागडी जागा. तिथे फक्त शीर्षक, खाली निम्म्या आकारात नावं आणि संस्था, बस्स. मागे फोटो किंवा रंगांची उतरण नको. फिकट सपाट रंगावर गडद अक्षर पुरे.

विद्यापीठांच्या ‘आविष्कार’सारख्या संशोधन महोत्सवात मराठी पोस्टर लावणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. रोमनसाठी ठरलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही, ते वाढवावंच लागतं.

शब्दांचं काय? एक कल्पित शीर्षक बघा: ‘द्राक्षबागांमधील ठिबक सिंचनाच्या वेळापत्रकाचा पाणीवापरावर होणाऱ्या परिणामाचा तुलनात्मक अभ्यास’. एवढं वाचूनही निष्कर्ष हाती लागत नाही. त्यापेक्षा ‘पहाटे पाणी दिल्यास द्राक्षबागेला कमी पाणी लागतं’ हे चालता चालता कळतं. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने हाच मुद्दा टोकाला नेला. त्याच्या आराखड्यात मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत पोस्टरच्या मधोमध येतो आणि तपशील कडेला जातो. मधली एवढी मोठी जागा द्यायची की नाही यावर वाद होऊ शकतो. निष्कर्ष आधी सांगावा, यावर मात्र होऊ नये.

ए-झीरोची लांबी-रुंदी ए-फोरच्या नेमकी चौपट असते. तेव्हा छपाईला फाइल पाठवण्याआधी पोस्टरची ए-फोर प्रत काढा, भिंतीला चिकटवा आणि सव्वा मीटर मागे उभे राहा. ५ मीटरवरून खरं पोस्टर जेवढं दिसेल, तेवढंच ते इथे दिसतं. तिथून शीर्षक वाचता आलं नाही, तर पैसे भरायची घाई करू नका.