परसातील कोयीचा आंबा

आंब्याची कोय पेरून झाड वाढविणे हा आजच्या काळात जवळजवळ वेडेपणा समजला जातो. रोपवाटिकेत खात्रीचे कलम मिळते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते फळ देऊ लागते आणि फळ कोणत्या जातीचे, हेही आधीच ठाऊक असते. कोयीचे झाड मात्र सहा ते दहा वर्षे वाट पाहायला लावते आणि त्याचे फळ कसे निघेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तरीही फोंड्यातील आमच्या घरामागे असे एक झाड मी वाढविले आहे. त्याविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची इच्छा. रक्तदाब आणि मधुमेह यांवाचूनचा एक तरी लेख स्मरणिकेत असावा, हा त्यामागील हेतू असावा!

आम्हा वैद्यकव्यावसायिकांना या विषयाची गोडी वाटण्याचे एक कारण गर्भशास्त्रीय आहे. हापूस, दशेरी, लंगडा यांच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो परागसिंचनातून जन्मलेला असतो. माता ठाऊक, पिता बहुधा अज्ञात! त्यामुळे हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. याउलट पश्चिम किनाऱ्यावरील ओलूर, चंद्रकारन, कुरुक्कन अशा काही जातींच्या एकाच कोयीतून तीन-चार कोंब वर येतात. त्यांतील बहुतेक बीजांडातील मातृपेशींपासून घडलेले असतात. ती जुळी भावंडे नव्हेत, आईच्याच प्रतिकृती होत. १९९६ साली डॉली मेंढी जन्मली तेव्हा जगभर केवढा गाजावाजा झाला. आंब्याची कोय हे काम मुकाट्याने केव्हापासून करीत आली आहे.

आंब्यावर लिहिणारा मी काही पहिला वैद्य नव्हे. पणजीतील चर्चजवळच्या उद्यानाला ज्यांचे नाव आहे, ते गार्सिया द ओर्ता सोळाव्या शतकात गोव्यात वैद्यकी करीत. भारतातील औषधी व फळे यांवरील त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्यात आंब्याला स्वतंत्र स्थान आहे. मुंबई बेटावरील आपले एक झाड वर्षातून दोनदा फळते, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने नोंदविले आहे. पोर्तुगीज अमदानीत कलमे बांधण्याची कला गोव्यात रुजली आणि हापूस, मानकुराद, हिलारियो ही नावे घरोघरी पोचली. पण कलम म्हणजे नक्कल. नवे जे काही घडते ते कोयीतच घडते. मानकुरादचे पहिले झाडही कधीकाळी कोणा अनामिकाच्या कुळागरात कोयीतूनच उगवले असणार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेला ‘रत्ना’ नीलम आणि हापूस यांच्या संकराचा, म्हणजे कोयीचाच.

कोय पेरण्याची कृती सोपी आहे, पण तिला विलंब खपत नाही. धान्यासारखी ती वाळवून ठेवता येत नाही. ओलावा गेला की काही आठवड्यांत गर्भ मरतो. पिकल्या फळाची कोय गर खरवडून धुवावी, एक-दोन दिवस सावलीत ठेवावी आणि कडेने टणक कवच जपून उघडावे. हात शल्यविशारदाचा असल्यास उत्तम. आतील बी भरीव असावी. भुंग्याने पोखरलेली टाकून द्यावी. तिची फुगीर कड वर ठेवून, जेमतेम झाकली जाईल इतक्याच मातीत पेरावी. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. पहिली पाने तांबूस, लोंबती आणि मलूल दिसतात. नवखा माणूस घाबरून खतपाणी वाढवितो, पण ती कोवळ्या पानांची नैसर्गिक अवस्था होय. हिरवेपणा मागाहून येतो. सोटमूळ झपाट्याने खाली जाते, म्हणून रोप कुंडीत फार काळ अडकवू नये.

आमची कोय मानकुरादची होती. २००४ च्या जूनमध्ये आईने ती परसात लावली. एकच कोंब आला. २०१३ साली झाड प्रथम मोहरले. फळ निघाले लहान, जाड सालीचे, धाग्यांनी भरलेले. रस गोड, पण मागाहून आंबटाची जीभेवर टोचणी. रोपवाटिकेतील एका जाणकार गृहस्थांनी सल्ला दिला, ‘डॉक्टर, खोड छाटा आणि नव्या फुटव्यांवर मानकुरादच्या काड्या बांधून घ्या.’ सल्ला शास्त्रशुद्ध होता. पालापाचोळ्याने गच्ची भरते म्हणून आमच्या सौ.चेही मत तसेच होते आणि माझे मनही तिकडेच झुकले होते.

आईने वाद घातला नाही. आठ-दहा पिकली फळे सोलून तिने ओले खोबरे, मोहरी, सुकी मिरची आणि गूळ घालून सासव केले. जेवताना ती एवढेच म्हणाली, ‘अरे, पैसे टाकले की मानकुराद मिळतो. सासवाचा आंबा कुठून आणशील?’ रस्ते रुंद होताना कडेचे कितीतरी रायवळ आमच्या डोळ्यांदेखत गेले होते. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खोड छाटण्याचा विषय त्या दिवशी संपला. धागे हा सासवाच्या आंब्याचा दोष नव्हेच. कोय चोखण्यातच तर मौज असते.

बालरोगतज्ज्ञ मित्रांच्या परिचयाची एक गोष्ट जाता जाता नोंदवितो. आंबा हा काजू व बिब्बा यांच्याच कुळातील. देठाचा चीक लागून मे महिन्यात मुलांच्या ओठांभोवती पुरळ उठते. देठ खाली करून चीक निथळू द्यावा आणि फळ धुऊन खावे, एवढ्याने बहुधा निभावते.

आई २०१९ साली गेली. झाड आता गच्चीच्या बरेच वर गेले आहे. वरची फळे वटवाघळांची, खालची आमची. सदस्यांपैकी कोणाला कोयी हव्या असतील तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात अवश्य यावे. मात्र नेल्यावर आठ दिवसांच्या आत पेराव्यात.