उचलीने बांधलेली माणसे

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतल्या वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्रे, भांडी, बाजरीचे पोते, शेळी, लेकरे असा सगळा संसार त्यात चढतो आणि गाडी सांगली, कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकाकडे निघते. घरी राहतात ती म्हातारी माणसे.

‘हल्ली माणसे टिकत नाहीत,’ अशी तक्रार आपण बँकेत, कचेरीत, दुकानात रोज ऐकतो. साखर कारखान्यांची तक्रारही तीच. मात्र ऊसतोडीच्या धंद्याने माणूस टिकवण्याचा स्वतःचा उपाय फार पूर्वीच शोधून ठेवला आहे. त्याचे नाव उचल.

पावसाळ्यात पेरणी असते, कुणाचे दुखणे असते, मुलीचे लग्न काढायचे असते. अशा वेळी मुकादम रोख रक्कम हातावर ठेवतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दोन जित्या माणसांना मिळून एका हत्याराचे नाव! आता एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. पुढे हंगामभर तोडून ती फेडायची.

हिशेब साधा आहे, करून पाहावा. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर 273 रुपयांवरून सुमारे 366 रुपयांवर गेला. पहाटे अंधारात फडात शिरलेली जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून नेऊन गाडीत भरते. रोज दोन टन धरले, तरी लाखाची उचल फिटायला 137 दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता. हंगाम चार महिन्यांतच आटोपला, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, किती निष्ठावान कामगार!

खाड्याचा दंड वेगळाच. दिवस बुडाला तर मजुरी जातेच, वर पाचशेच्या आसपास रुपये कापले जातात. बाईला पाळी आली, ताप आला तरी ती फडात उभी राहते, त्यामागे हा दंड आहे. 2019 साली जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. सगळ्याच शस्त्रक्रियांचे कारण एक नसेल. पण ‘रजा’ हा शब्दच नसलेल्या कामात शरीराचे काय होते, याचा अंदाज त्यातून येतो. आणि गंमत अशी, की जोडीची उचल बहुधा एकट्या नवऱ्याच्या हातात पडते.

मुकादम तेवढा खलनायक, असेही समजू नये. तोही बहुधा त्याच गावचा, कधी भावकीतला. कारखान्याचा किंवा वाहतूकदाराचा पैसा त्याच्या अंगावर असतो. दोन-दोन ठिकाणी उचल घेऊन तिसरीकडे निघून गेलेल्या टोळ्यांमुळे बुडालेले मुकादम आणि वाहतूकदारही आहेत. मग वसुलीसाठी माणसे डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते. वेठबिगारी मोडणारा कायदा 1976 चा आहे, हे अशा वेळी कुणाला आठवत नाही. आणि ज्याच्या गव्हाणीत हा ऊस पडतो, त्या कारखान्याच्या हजेरीपटावर तोडणाऱ्याचे नाव सहसा नसतेच. त्याचा करार मुकादमाशी, नाहीतर वाहतूकदाराशी.

इथे अमेरिकेतल्या हेन्री फोर्डची गोष्ट आठवते. 1913 साली त्याच्या मोटार कारखान्यात माणसे इतकी येत-जात होती, की सुमारे 14 हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षात 52 हजारांवर माणसे घ्यावी लागली. 1914 च्या जानेवारीत त्याने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, आणि गळती थांबली. फोर्ड काही संत नव्हता. कामगारांच्या घरात डोकावणारे निरीक्षकही त्याने नेमले होते. पण त्याचा पैसा काम झाल्यावर मिळे, आणि ज्याला जायचे त्याला दार उघडे होते. उचल आधी मिळते, तिथेच सगळा फरक पडतो.

तरीही एकाच मुकादमाबरोबर वर्षानुवर्षे आपखुशीने जाणाऱ्या टोळ्या असतात. त्यांची कारणे कोणत्याही कचेरीतल्या माणसाला कळतील अशीच आहेत. टनांचा हिशेब उघड होतो. कोपी पाण्याजवळ पडते. बाळंतिणीला चार दिवस कुणी हटकत नाही. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मिळतो.

सरकारनेही काही पावले उचलली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. 2021 मध्ये मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 82 वसतिगृहांची योजना मंजूर झाली. मूल गावात शाळेत राहिले, तर आईचा जीव फडात निम्मा हलका होतो.

तरुण पोरे मात्र आता कोयता धरायला नाखूश आहेत. पुण्याकडच्या कंपन्यांत कंत्राटी काम मिळाले तरी ती जातात. तिथे पगार फार मोठा असतो असे नाही, पण आठवड्याची सुट्टी असते. इकडे कारखाने तोडणी यंत्रे घेऊ लागले आहेत.

पाडव्याच्या पुढे-मागे टोळ्या परततात. मुकादमाच्या ओट्यावर वही उघडते, बाकी काढली जाते. काही महिन्यांनी पेरणीच्या तोंडावर पुन्हा उचलीचे बोलणे सुरू होते. ज्याने पान उघडून, मोठ्याने वाचून हिशेब दाखवला, त्याच्या ओट्यावर माणसे आधी जमतात.