वणवा, वीजबिल आणि आपण

पावसाळा जवळ आला की हितचिंतकांकडून एक विचारणा हमखास येते: "पृथ्वी तापत चालली आहे, आमच्या तरुण संघाला आदिवासी भागात झाडे लावायची आहेत, केव्हा येऊ?" येणाऱ्यांचे स्वागतच आहे. पण पृथ्वी कशाने तापते आणि ते थांबवण्यात कोणाचा वाटा कोणता, हे आधी समजून घेतले तर तोच पैसा आणि तोच शनिवार अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

कोळसा, पेट्रोल, डिझेल हा कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन. तो जाळला की हवेतील ऑक्सिजनशी मिसळून कार्बन डायऑक्साइड होतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, पण ते जळल्यावर सुमारे २.३ किलो वायू तयार होतो. वाढलेले वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे. हा वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो आणि त्यातला बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. म्हणजे गोधडीवर गोधडी चढत जाते. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ शक्यतो १.५ अंशाच्या आत ठेवण्याचे ठरले. २०२४ हे एकच वर्ष घेतले तर ती रेषा गाठली गेली.

यात कोणाचा हात किती? भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. पण आपली २ टनांची सरासरीही फसवी आहे. दोन एसी आणि चारचाकी असलेले पुण्यातील कुटुंब आणि दोन दिवे, एक पंखा असलेले गडचिरोलीतील गोंड कुटुंब त्या एकाच सरासरीत बसवलेले असते. झळ मात्र उलट्या क्रमाने लागते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, तेव्हाच तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. वर्षातला हातात येणारा मोठा रोख पैसा त्याच दिवसांत मिळायचा असल्याने घरी बसून चालत नाही. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला की वेचलेले मोहफूल वाळत नाही, काळे पडते. मृगात पाऊस देऊन पुढे ओढ दिली की धानाचे पऱ्हे सुकतात आणि बियाणे दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते.

म्हणून पहिले काम आपल्या घरचे. आपली बहुतेक वीज अजून कोळशावर तयार होते आणि एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो वायू हवेत जातो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवीन बीएलडीसी पंखा ३०-३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. इथे एक सांगावेसे वाटते. पंखे बदलायचे ठरले की मंडळीचे पुढारी आधी चर्चमधले बदलतात, कारण ते सर्वांना दिसतात. ते आठवड्यातून तीन-चार तास फिरतात. त्यात फारसे हाशील नाही. वसतिगृहातले, दवाखान्यातले आणि घरातले, दिवसरात्र फिरणारे पंखे आधी बदलावेत.

छपराची गोष्ट वेगळी. चर्चचे छप्पर आठवडाभर उन्हात रिकामे असते. ३ किलोवॅटचे सौर संच वर्षाची सरासरी धरता दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज देतात. पावसाळ्यात कमी, एप्रिल-मे महिन्यांत जास्त. नेट मीटर असेल तर उरलेली वीज ग्रिडमध्ये जाऊन बिलातून वजा होते. वर्षाला सुमारे ३ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, म्हणजे सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या वाट्याहून जास्त. घरगुती ग्राहकांना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले होते. सोसायटीत राहणाऱ्यांना यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा लागतो. खरी चिकाटी तिथे लागते. एकट्याने दिवे मालवण्यापेक्षा असा एक ठराव कितीतरी अधिक काम करतो.

प्रवासाचेही तसेच. नागपूरहून धानोऱ्याला झाडे लावायला दहा मोटारी आल्या, तर जाऊन-येऊन प्रत्येकीचा प्रवास ४०० किलोमीटरच्या वर होतो आणि एकूण ६०० किलोहून अधिक वायू हवेत जातो. लावलेली रोपे जगली तरी तेवढा कार्बन साठवायला त्यांना वर्षे लागतील. आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नसेल तर त्यातली कितीतरी जगतही नाहीत. एकाच बसने या, किंवा दोघातिघांना पाठवा.

आता जंगलाकडे वळू. नव्या रोपापेक्षा उभे जंगल कार्बनचा फार मोठा साठा धरून असते, खोडात, मुळांत आणि मातीतही. पूर्व विदर्भातील या साठ्याला मोठा धोका आहे तो वणव्याचा. इकडचा वणवा बहुधा जमिनीलगत सरपटतो. मोठी झाडे वाचतात, म्हणून दुरून पाहणाऱ्याला काही बिघडले असे वाटत नाही. जळतो तो पालापाचोळा आणि त्यातून वर येणारी कोवळी रोपे. पाचोळा एरवीही कुजलाच असता. रोपे गेली हे खरे नुकसान. दरवर्षी आग लागली तर म्हाताऱ्या झाडांची जागा घ्यायला पुढची पिढीच उरत नाही आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते.

आग लागते ती बहुतेक माणसाच्या हातून, आणि त्यामागे पोटाचे कारण असते. मोहफूल वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला नवी, मोठी पाने यावीत म्हणून झुडपे छाटली जातात, जागा जाळली जाते. यावर नुसते "जाळू नका" असे सांगून भागत नाही, कारण सांगणाऱ्याच्या चुलीचा प्रश्न तिथे नसतो.

ज्या गावांनी हा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला, त्यांच्याकडे पाहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले पारंपरिक जंगल राखण्याचा व वापरण्याचा सामूहिक हक्क मागता येतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत ग्रामसभा बसते. हक्क मिळूनही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा प्रश्न अडून राहिला होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झाल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याची तोडणीच बंद केली. छाटणी आणि आगीने जंगलाचे नुकसान होते, आणि टेंभराची फळे पाखरांना व माणसांना खायला उरतात, असा त्यांचा हिशेब. हातचा रोख पैसा सोडून देण्याचा हा निर्णय कोणत्याही बाहेरच्या माणसाला सांगून करवून घेता आला नसता. जंगल आपलेच राहणार याची खात्री असलेल्या गावालाच तो परवडतो.

म्हणून हितचिंतकांना आमचे सांगणे असे, की रोपांसाठी येणाऱ्या मदतीतला काही भाग या कामाकडे वळवावा. सामूहिक हक्काच्या दाव्याला नकाशा लागतो, जुने पुरावे लागतात, ग्रामसभेचा ठराव लागतो; मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेत दोन-तीन माणसांची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही फोटोत दिसत नाही, म्हणून त्याला देणगी मिळणे अवघड जाते. आणखी एक. तुमच्या वीजबिलाच्या भरपाईत आदिवासींची झाडे मोजू नका, आणि कार्बनचे पैसे देतो म्हणून कोणी ग्रामसभेपुढे इंग्रजी करारपत्र ठेवले तर त्यावर सही होण्याआधी ते मराठीत आणि गोंडीत समजावून सांगणारा जाणकार वकील मिळवून देणे, ही शहरातील मंडळी सहज करू शकतील अशी सेवा आहे.

मोहाखाली आग न लावता फुले गोळा करण्याचा साधा उपाय म्हणजे झाडाखाली जाळी बांधणे. फूल वरच्या वर झेलले जाते, माती लागत नाही, त्यामुळे स्वच्छ मालाला भावही बरा मिळू शकतो. महिला मंडळांनी या वर्षी जाळ्यांसाठी निधी जमवायचा ठरवला, तर एवढे ध्यानात ठेवावे: जाळ्या फेब्रुवारी संपण्याआधी गावात पोचायला हव्यात. मोह गळायला लागल्यावर आलेली जाळी पुढच्या वर्षापर्यंत आढ्याला टांगून राहते.