‘टास्क ओके’ दिसलं, म्हणजे बॅकअप झाला?

२१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमाराला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, ऑनलाइन यंत्रणा बंद पडल्याचे इशारे येऊ लागले. दिवस संपण्याआधी निदान झालं होतं: रॅन्समवेअर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला. महामंडळाचं मुख्यालय मुंबईत अंधेरीला असलं, तरी भूखंडांचे अर्ज आणि परवानग्या राज्यभरातल्या. वर्धा, देवळी, हिंगणघाट या वसाहतींतल्या उद्योजकांचं कामही त्याच यंत्रणेवर अवलंबून. महामंडळाने तेव्हा दिलेल्या माहितीत एक मुद्दा फार मोलाचा होता. बॅकअपच्या फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात आणि क्लाउडवरच्या आपत्कालीन केंद्रात ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना लागण झाली नव्हती.

बॅकअप ‘आहे’ आणि बॅकअप ‘उपयोगी पडला’ यांतलं अंतर अशा वेळीच कळतं. वर्धा जिल्ह्यात आता कागदाइतकीच माहिती संगणकावर आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या रुग्णांच्या नोंदी संगणकीय प्रणालीवर आहेत. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा साठा सांभाळतं. त्यांच्याखेरीज पतसंस्था, जिनिंगचे कारखाने, महाविद्यालयांची कार्यालयं आहेतच. अशा छोट्या-मध्यम ठिकाणी हल्ली एकाच सर्व्हरवर तीन-चार व्हर्च्युअल मशिन, म्हणजे आभासी संगणक, चालवण्याची पद्धत रूढ होते आहे: एकावर हिशेब, एकावर हजेरी, एकावर फायली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशी मशिन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेऊन परवान्यांची पद्धत बदलली, तेव्हापासून अनेकांचा कल व्हिएन्नाच्या कंपनीने बनवलेल्या प्रॉक्समॉक्स या मुक्त स्रोत प्रणालीकडे वळला. तिच्यात बॅकअपसाठी कमांड लाइनवरचं एक साधन येतं, व्हीझेडडंप. याच साधनाभोवती काही पक्के गैरसमज तयार झाले आहेत.

पहिला असा की, कमांड लाइन तज्ज्ञांसाठी आणि पडद्यावरचं ‘बॅकअप’ बटण आपल्यासाठी. बटण दाबलं, तरी आतून व्हीझेडडंपच चालतं. फरक इतकाच, की कमांड एकदा नीट लिहिली की कुठलं मशिन, कोणत्या पद्धतीने, कुठे, हे सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर राहतं. ती ओळ रोज रात्री तशीच चालते आणि उद्या दुसरा कर्मचारी आला तरी त्याला वाचता येते.

‘फाईल कॉपी करून ठेवली की झालं’ हा समज जास्त घातक. व्हर्च्युअल मशिनची डिस्क म्हणजे अनेकदा एक मोठी फाईलच, हे खरं आहे. पण मशिन चालू असताना ती फाईल साध्या कॉपीच्या आज्ञेने उचलली, तर तिचा पहिला भाग रात्री दहाचा आणि शेवटचा भाग साडेदहाचा असू शकतो. मधल्या अर्ध्या तासात आत जे लिहिलं गेलं, त्यातलं काही आलं, काही राहिलं. अशी प्रत कदाचित सुरूही होणार नाही. शिवाय मशिनला किती मेमरी, कोणतं नेटवर्क, कुठल्या डिस्क, हे वर्णन वेगळ्या फायलीत असतं. व्हीझेडडंप ते सोबत घेतं. प्रॉक्समॉक्सऐवजी थेट केव्हीएमवर ‘व्हर्श’ या साधनाने काम करणाऱ्यांना मात्र ते ‘डंपएक्सएमएल’ने आठवणीने काढून ठेवावं लागतं.

‘स्नॅपशॉट घेतलाय, मग बॅकअप कशाला?’ असं विचारणारेही पुष्कळ. अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट घेणं, म्हणजे मशिनची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणं, ही उत्तम सवय आहे. पण स्नॅपशॉट मूळ डिस्कच्याच साठ्यावर राहतो. तो साठा गेला, की दोन्ही गेलं. रेडचंही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या व्यवस्थेचंही, तसंच. एक डिस्क बिघडली तर रेड सावरून घेतं. चुकून पुसलेली फाईल मात्र ते सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानदारीने पुसतं.

गोंधळात भर टाकणारी गोष्ट म्हणजे व्हीझेडडंपच्याही एका पद्धतीचं नाव ‘स्नॅपशॉट’ आहे. स्टॉप, सस्पेंड आणि स्नॅपशॉट या तीन पद्धतींपैकी ही चालू मशिनचा बॅकअप घेते. मशिन एखाद्या ठिकाणी नवं लिहायला निघालं आणि तिथला जुना मजकूर अजून घेतलेला नसेल, तर आधी तो जुना मजकूर बॅकअपमध्ये जातो, मगच नवा लिहिला जातो. त्यामुळे प्रत एका क्षणाचीच राहते. पण याच कारणामुळे ‘चालू मशिनवर काही ताण येत नाही’ हे म्हणणं चूक. बॅकअप ठेवायची जागा संथ असेल, तर मशिनचं लिहिणंही तिच्यासाठी थांबतं. रात्री हिशेबाचं सॉफ्टवेअर रखडत असेल, तर आधी तिकडे पाहावं. एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीत यावर उपाय आला: जुना मजकूर तात्पुरता जवळच्याच वेगवान डिस्कवर ठेवण्याची सोय.

आणि एका क्षणाची प्रत म्हणजे शुद्ध प्रत असंही नाही. मशिनच्या आत ‘क्यूईएमयू गेस्ट एजंट’ हा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असेल आणि मशिनच्या पर्यायांत तो चालू केलेला असेल, तरच बॅकअपच्या सुरुवातीला फाइल सिस्टिम काही क्षण गोठवली जाते आणि मेमरीत अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरतं. एजंट नसेल, तर परत आणलेलं मशिन अचानक वीज गेल्यावर सुरू होणाऱ्या संगणकासारखं उठतं. पोस्टग्रेससारखे डेटाबेस यातून स्वतःला सावरतात. साध्या फायलींत माहिती ठेवणारी जुनी सॉफ्टवेअर सावरतीलच याची खात्री नाही. भर उन्हाळ्यात वीज जाणं म्हणजे काय, हे वर्धेकरांना सांगायला नको.

आता ‘टास्क ओके’कडे. बॅकअप संपला की पडद्यावर ही अक्षरं येतात आणि मंडळी निश्चिंत होतात. त्याच्या वरच्या ओळी वाचल्या पाहिजेत. तिथे प्रत्येक डिस्कपुढे ‘इन्क्लूड’ किंवा ‘एक्सक्लूड’ लिहिलेलं असतं. कधीतरी जागा वाचवायला कुणी दुसऱ्या डिस्कचा बॅकअप बंद केला असेल, तर त्या ओळीत ‘बॅकअप नो’ असं दिसतं, ती डिस्क वगळली जाते आणि खाली तरीही ‘टास्क ओके’च येतं. कामाचा सगळा डेटा नेमका त्याच डिस्कवर असू शकतो!

यंत्रणा गप्प राहून दगा देते, याचं गाजलेलं उदाहरण प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या सेवेचं आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी मजकूर पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर तो नव्हताच. बॅकअपचं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून काम रोज अपयशी ठरत होतं. अपयशाच्या ईमेलही पोचत नव्हत्या, कारण पडताळणीअभावी त्या नाकारल्या जात होत्या. वाचवलं ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

प्रत कुठे ठेवायची, याबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. सर्व्हरच्या शेजारच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणयंत्रावर, तेही कायम जोडलेल्या आणि लिहिण्याची मुभा असलेल्या, बॅकअप ठेवला, तर सर्व्हरमध्ये शिरलेला हल्लेखोर तोही कुलूपबंद करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा असा बंद झाला होता. तिथल्या ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती परत मिळाली ती लागण न झालेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. आगीला तर पासवर्डही लागत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा केंद्र जळालं, तेव्हा त्याच आवारात बॅकअप असलेल्या ग्राहकांच्या दोन्ही प्रती गेल्या. वर्ध्याच्या संस्थेला यावर फार खर्च नाही. तास-दीड तासाच्या अंतरावर नागपूर आहे. एक प्रत तिथे आणि एक आलटून-पालटून जोडायच्या बाहेरच्या डिस्कवर ठेवली, तरी मोठा धोका टळतो.

या आठवड्यात एक काम कराच. सर्वांत महत्त्वाच्या मशिनचा ताजा बॅकअप ‘क्यूएमरिस्टोअर’ने नव्या क्रमांकाखाली उभा करा, सोबत नेटवर्कचा वेगळा पत्ता देणारा ‘युनिक’ हा पर्याय द्या, सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क तोडा, मग आत जाऊन कालची शेवटची पावती शोधा. परत यायला किती वेळ लागला, तेही लिहून ठेवा. ती पावती सापडली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच धरा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला लागा.